शून्य मिलिअँपियर

कुओपिओ, फेब्रुवारी. खिडकीबाहेर तळं
कोऱ्या पाटीसारखं.
खाट क्रमांक चार: ताइमी हुस्कोनेन, वय अठ्ठावन्न,
कवटीला बारा भोकं,
त्यांतून निघालेल्या तारांची वेणी
पांढऱ्या फेट्यात गुंडाळलेली.

ती आकडीची वाट बघते आहे. आम्हीही.
एरवी न बोलावता यायची,
आता गोळ्या बंद करून दार सताड उघडं ठेवलंय
तर फिरकत नाही.

तोवर माझं काम शब्द वाचण्याचं.
बारा शब्द, प्रत्येकानंतर दोन सेकंद गप्प.
मग तिला थोड्या वजाबाक्या,
मग प्रश्न: काय काय आठवतं?
कधी तारांत वीज असते, कधी नसते.
कधी, ते तिला माहीत नाही. मलाही नाही.
शेजारच्या खोलीतलं यंत्र ठरवतं
आणि पोटात ठेवतं.

बादली. चुलता. सुई. कूसी.
इथे ती हसते.
"कूसी म्हणजे सहा, की कूसी म्हणजे स्प्रूसचं झाड?"
आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द,
आणि नियमाप्रमाणे मी उत्तर द्यायचं नाही.
"दोन्ही पेरून ठेवते," ती म्हणते,
"एखादं तरी उगवेल."

गुरुवारी, सातव्या शब्दानंतर,
तिने मान वळवली. तारा करकरल्या.
"कोणीतरी होडीला डांबर लावतंय."

खोलीत स्पिरिटचा वास होता आणि माझ्या गार कॉफीचा.

"पाइनचं डांबर. गरम.
होडी पालथी आहे, काठाला अजून बर्फ.
बाबा म्हणतायत हात लावू नकोस,
आणि मी लावते."
तिने तळवा उलटा-सुलटा करून पाहिला. स्वच्छ.
"पुन्हा," ती म्हणाली,
झोक्यावरचं मूल म्हणतं तसं. "तेच बटण. पुन्हा."

माझ्याकडे बटण नाही गं, ताइमी.
मी नुसता वाचतो.
आठवा शब्द: कुलूप.

संध्याकाळी नोंदी उघडल्या.
गुरुवार, अकरा वाजून सोळा मिनिटं. प्रवाह: शून्य.
पडद्यावर धूळ असेल म्हणून बोटाने पुसून पाहिलं.
शून्यच.
आणि ज्या फेऱ्यांत खरोखर वीज होती
त्यांत तिला दोन शब्द कमी आठवले होते.
डॉक्टर रैसानेन म्हणाली, "हं. चांगली नोंद आहे,"
आणि जॅकेटची चेन वर ओढली.

शनिवारी पहाटे आकडी आली.
जागा दाखवून गेली.
मंगळवारी ती जागा काढली, सुपारीएवढी.

जूनमध्ये ताइमी तपासणीला आली.
केस आखूड, चेहऱ्यावर तजेला.
आकड्या बंद. मांजर पाळलंय.
गाडीचा परवाना परत मिळेल म्हणत होती.
मी विचारायला नको होतं.

"डांबर?" ती म्हणाली. "कुठली होडी?"
आणि एवढ्या नम्रपणे
की जणू मीच माझं काही हरवून बसलो होतो.

मला ते बारा शब्द अजून पाठ आहेत.
बादली, चुलता, सुई, सहा-किंवा-झाड.
मला कुणी वीज दिली नव्हती.

मग मी तिला सांगितलं.
होडी पालथी होती. काठाला बर्फ.
बाबा नको म्हणाले, तू हात लावलास,
आणि, कुठून आलं कोण जाणे,
माझ्या तोंडून निघून गेलं:
"लाल हातमोज्याचा."

ती बाहेर बघत राहिली.
तळ्यावर आता माणसं वल्ही मारत होती.
"हो," ती हळू म्हणाली.
"लाल. डावा.
तो खराब झाला म्हणून आई
किती बोलली होती मला."